माझ्या नावाचं रडणं

रविवार, ६ जानेवारी २००२

आज सकाळी पुण्यात पोचलो. गंगाखेडहून रात्रभर एस.टी.त बसून कंबर धरली होती, पण शिवाजीनगरच्या स्थानकावर भाग्यश्री उभी दिसली आणि दुखणं विसरलो. पोरीच्या मनगटावर घड्याळ आहे, खांद्याला पर्स आहे, आणि रिक्षावाल्याशी ती असं बोलते की तो गुमान मीटर टाकतो.

शहराबाहेर मांजरी गावात तिनं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत. इमारत नवी, रंग पिस्त्यासारखा. मागं ऊस, पुढं आणखी एका इमारतीचं बांधकाम. खालचा वॉचमन मच्छिंद्र माझी ट्रंक एका हातानं वर घेऊन आला आणि म्हणाला, यात कापूस हाय का काय? मी म्हटलं, सगळा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये काढला, आता कापूसच तेवढा उरला आहे. तो पोट धरून हसला. समोरच्या दारात सुहासिनीबाई राहतात. शिक्षिका होत्या. मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरवर असतो, त्यानं शहरातली जुनी जागा विकून आईला इथं आणून ठेवलं. त्यांनी विचारलं, राहायला आलात की पाहुणे? राहायला, म्हटलं. तर म्हणाल्या, "मग बरं. पाहुण्यांना मी तिसऱ्या दिवशी ओळखत नाही." पुण्यात सगळे असेच बोलतात, मनावर घ्यायचं नाही, असं भाग्यश्री म्हणाली.

ही डायरी तिनंच दिली. कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीची आहे. म्हणाली, बाबा, तुम्ही काळजी करत बसता, ती इथं लिहायची आणि डायरी मिटून ठेवायची. तर लिहितो. गॅसची नळी जुनी वाटते. गॅलरीचा कठडा कमी उंच आहे. बाकी सगळं छान आहे. हिची आई कौशल्या असती तर तिला हे घर दाखवलं असतं.

बुधवार, ९ जानेवारी

आज पोरीनं तिचं कामाचं ठिकाण दाखवलं. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत तळघरात स्टुडिओ आहे. दारावर पाटी, ‘चपला, मोबाईल आणि सूचना बाहेर ठेवाव्यात.’ मालक सौमित्र म्हणून तरुण माणूस आहे, मोठ्या घराण्यातला. बोलणं सुहासिनीबाईंच्या वळणाचं, पण माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली.

भाग्यश्रीचं काम मला नीट कळलं नव्हतं, ते आज कळलं. टीव्हीवर सुंदर बाई तोंड हलवते, आवाज हिचा असतो. जाहिरातीतलं बाळ रडतं, ते हीच रडते. सिनेमाच्या गाण्यात मागं पाच-सहा जणी गातात, त्यात ही असते. कधी अख्खं गाणं गाऊन ठेवते, मग मोठ्या गायिका येतात, ते ऐकून चाल बसवतात आणि हिचं पुसून आपलं गातात. नाव कुठंच येत नाही. मला वाईट वाटलं. ती म्हणाली, सगळ्याजणी अशाच सुरू होतात, बाबा. एक गाणं मिळालं पाहिजे, माझ्या आवाजात आणि माझ्या नावावर. नांदणं मोडून परत आली तेव्हा अख्ख्या गावात हिला नाव ठेवायचं कोणी बाकी राहिलं नव्हतं. ते नाव कॅसेटवर छापून आलेलं मला बघायचं आहे.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुहासिनीबाईंनी तिळगूळ दिला, वर म्हणाल्या की गोड बोलण्याची अट त्यांच्यापुरती शिथिल आहे.

दुपारी गच्चीवर वाळवण बघायला गेलो. कठड्यावरून कावळा उठला आणि सरळ माझ्या डोक्यावर आला. पाय टेकले, पंख कानाला लागला, आणि गेला. वाळवण तसंच टाकून खाली आलो.

आमच्याकडं हे मरणाचं लक्षण धरतात. त्यावर उतारा ठरलेला आहे. रक्ताच्या माणसाला खोटा निरोप धाडायचा, की अमका गेला. ते माणूस खरं समजून रडलं, की मरण फसतं आणि निघून जातं. मग त्याच माणसानं येऊन तोंड बघायचं, जिभेवर साखर ठेवायची आणि म्हणायचं, आहे. रडून झाल्यावर हे ‘आहे’ म्हणणं चुकवायचं नसतं. माझ्या आजीनं असं दोनदा केलं होतं.

भाग्यश्रीला सांगितलं. ती हसली नाही. आमच्या मातीतली आहे. पण निरोप धाडणार कोणाला? रक्ताची तीच एकटी, आणि तिच्या समोर मी बसलेलो. समोर बसलेल्या बापासाठी रडू कसं येणार? सुहासिनीबाईंनी ऐकून सांगितलं की मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं, तेव्हा तुम्ही शंभरी गाठून भाग्यश्रीला पिडणार. मला तेवढ्यानं धीर आला नाही.

रात्री जेवताना तीच म्हणाली, परवा एका मालिकेसाठी बाप गेल्याचं रडायचं आहे, आणि खोटं रडणं मला जमत नाही म्हणून सौमित्र ओरडतात. तिथंच तुमच्या नावानं रडते. दोन्ही कामं होतील.

मला ते पटलं. इतकं सोपं आपल्याला सुचलं नाही, असं वाटलं.

बुधवार, १६ जानेवारी

झालं. मी काचेच्या अलीकडे बसलो होतो, तिची पाठ माझ्याकडं होती. आधी दोन मिनिटं नुसती उभी राहिली. मग आमच्याकडच्या बायका मयताजवळ बसून सूर लावतात तसा सूर लावला.

"केसांत कापूस घेऊन घरी येणाऱ्या माझ्या बापा, ज्या खांद्यावरून मी जत्रा पाहिली, त्याला आज खांदा कोणाचा रे, बापा..."

पुढचं लिहवत नाही. मी जिवंत बसून माझं मयत ऐकलं. ती थांबली तरी सौमित्र बटणावरचं बोट उचलायला विसरला होता. मालिकेच्या दिग्दर्शकानं डोळे पुसले आणि मग म्हणाला की मालिकेतला बाप पुण्याचा कारखानदार आहे, त्याच्या केसांत कापूस कुठून? सौमित्र म्हणाला, कथा बदला, हे बदलू नका. आणि खरंच त्यांनी तिथंच ठरवलं की कारखानदार पूर्वी गरीब होता, जिनिंगमध्ये काम करायचा.

भाग्यश्री बाहेर आली, माझं तोंड पाहिलं, पर्समधून पुडी काढून माझ्या जिभेवर साखर ठेवली आणि म्हणाली, "माझे बाबा आहेत." छातीवरून दगड उचलल्यासारखं झालं. येताना मंडईतून मटार आणि बोरं घेतली. आज झोप लागेल.

सोमवार, २८ जानेवारी

संध्याकाळी साडेसातला ते मालिकेत दाखवलं. सुहासिनीबाईंकडे बसून पाहिलं. पलंगावर कारखानदार निजवलेला, पायाशी ती सुंदर नटी, आणि आवाज माझ्या पोरीचा. सुहासिनीबाई पदरानं चष्मा पुसत म्हणाल्या, हिला आता कोणी थांबवू शकत नाही.

आनंद व्हायला हवा होता. पण रडणं सुरू असताना माझ्या तोंडात तुळशीच्या पानाची चव आली. मी काहीच खाल्लं नव्हतं.

मंगळवार, २९ जानेवारी

सकाळी पाय धुताना दिसलं. दोन्ही अंगठ्यांना दोरी बांधून सोडल्यासारखे लाल वळ आहेत. भाग्यश्रीला म्हटलं, मोजे घट्ट असतील. ती म्हणाली, बाबा, तुम्ही मोजे घालत नाही.

मयताचे अंगठे बांधतात. हे तिलाही माहीत आहे.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

आता उलगडलं. गावात रडणं एकदाच होतं आणि हवेत जातं. त्यावर एकदा ‘आहे’ म्हटलं की फिटलं. इथं ते रडणं धरून ठेवलेलं आहे. मालिकेत तो प्रसंग रोज कोणाच्या तरी आठवणीत दाखवतात आणि रोज ते रडणं लावतात. दुपारी तोच भाग पुन्हा लागतो. प्रत्येक वेळी माझी मुलगी माझ्या नावानं रडते, आणि ‘आहे’ म्हणायला कोणी येत नाही.

आज नाकात काही अडकलं म्हणून शिंकरलं, तर कापूस निघाला. चांगला पांढरा, पिंजलेला. चाळीस वर्षं माझ्या नाकात कापूस गेला, पण या घरात कापूस नाही.

संध्याकाळी भाग्यश्री मुद्दाम लवकर आली. मालिकेत ते लागलं तसं तिनं माझ्या जिभेवर साखर ठेवली आणि म्हणाली, माझे बाबा आहेत. पायांत ऊब आली. अंगठ्यांचे वळ माझ्या डोळ्यांसमोर फिके झाले.

म्हणजे उपाय आहे. पण तिला रोज संध्याकाळी घरी असावं लागेल.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

सौमित्रकडं गेलो. हात जोडून सांगितलं की ते रडणं पुसा. त्यानं चेष्टा केली नाही, हे खरं. म्हणाला, "काका, टेप असती तर तुमच्यासमोर पुसली असती. हे कॉम्प्युटरमध्ये आहे. चॅनेलकडे गेलं, आणखी दोन मालिकांनी मागून घेतलं. आता तुमची मुलगी महाराष्ट्रभर रडते आहे."

वर म्हणाला, याच रडण्यामुळं तिला गाण्याची विचारणा येऊ लागली आहे. पुसून कोणाचं भलं होणार?

येताना बसमध्ये कंडक्टरनं मला तिकीट विचारलं नाही. माझ्या अंगावर हात टेकून पलीकडच्या माणसाला विचारलं.

रविवार, १० फेब्रुवारी

रविवारी मालिका नसते. आज बरं आहे. वरणाला चव लागली. भाग्यश्री दिवसभर गुणगुणत होती. दारातून बघत बसलो. ती गाते तेव्हा कपाळावरच्या आठ्या जातात, अगदी आठ वर्षांची दिसते.

उद्या पुन्हा सोमवार.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

सौमित्रचा घरी फोन आला होता. भाग्यश्री अंघोळीला गेली होती. तो म्हणाला, तिला जरा समजावा. काल संध्याकाळी सिनेमाचं गाणं तिला मिळत होतं, एकटीचं. साडेसहाला ती उठून घरी गेली. गाणं दुसरीनं गायलं.

काल ती धापा टाकत आली होती. पर्स न उतरवताच जिभेवर साखर ठेवली. मला म्हणाली होती, बस लवकर मिळाली.

मी या फोनचं तिला सांगितलं नाही. मला मरायचं नाही. मला भीती वाटते. असं लिहायला लाज वाटते, पण तसंच आहे.

सोमवार, १८ फेब्रुवारी

आता ठरवलंय की साडेसातला ती जिथं असेल तिथून फोन करेल. मी माझ्या हातानं साखर ठेवायची, ती फोनवर ‘आहेत’ म्हणणार. आज केलं. निम्मं लागू पडलं. पायांत ऊब आली, वळ गेले नाहीत. साखर वाळूसारखी लागली.

मालिकेतल्या कारखानदाराचा फोटो बदलला आहे. आधी कोटात होता. आता टोपी घातलेला लावलाय. माझ्यासारखी.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

खाली गेलो तर मच्छिंद्रनं अडवलं. कुणाकडं जायचंय, म्हणाला. ओळखीचं हसू नाही, काही नाही. मी म्हटलं, अरे, मी वैजनाथ, भाग्यश्रीचा बाप. तो म्हणाला, त्यांचे वडील तर वारले जनू.

जीव मुठीत धरून वर आलो. दारात सुहासिनीबाई भाग्यश्रीशी बोलत होत्या, मी दोघींच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. त्या माझ्या आरपार बघत तिला विचारत होत्या, दिवस कुठं करणार? आळंदीला की गावी?

भाग्यश्रीनं माझा हात धरून पुढं ओढला. "हे काय बाबा. इथं उभे आहेत."

त्यांनी डोळे बारीक केले. मग म्हणाल्या, अगंबाई, हो की. चष्मा बदलायला हवा.

पण चष्मा त्यांच्या डोळ्यांवर नव्हताच. आत गेल्या आणि दार लावून घेतलं, आतून कडीही घातली.

शनिवार, २३ फेब्रुवारी

मुंबईहून बोलावणं आलंय. बुधवारी सिनेमाचं गाणं. एकटीचं. कॅसेटवर नाव. ती म्हणाली, मी जाणार नाही. पुन्हा पुन्हा म्हणाली. मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून —

नळाच्या आवाजाआड रडत होती. हे रडणं वेगळं आहे. यात माझं नाव नाही.

सोमवार, २५ फेब्रुवारी

मालिकेत दहावा सुरू झाला. नदीकाठ, पिंड मांडलेला. कावळा शिवत नाही. सुहासिनीबाईंच्या बंद दाराबाहेरून ऐकलं, मला आत घेत नाहीत आता. मालिका ताणतात म्हणून लोक शिव्या देतात. मी देवाला म्हणतो, ताणू दे. वर्षभर शिवू नको देऊ.

आपल्या खिडकीत कावळे. ऊस सोडून इथं.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

तिला जा म्हटलं.

कसं म्हटलं माहीत नाही. सकाळी ती माझे अंगठे चोळत बसली होती आणि तिचे केस — पांढरे दिसले, चार-पाच. म्हटलं, जा माय. गाऊन ये. मला आज बरं आहे. खोटं बोललो. तिनं तोंड बघितलं, साखर ठेवली, आहेत म्हणाली, उद्या गाणं झालं की फोन करते म्हणाली. पायांवर डोकं ठेवलं.

ती जिन्यात गेली आणि मी घाबरलो. हाक मारली. नको जाऊ म्हणून ओरडलो. दोन पायऱ्या खाली मच्छिंद्र उभा होता, त्यानंही मान वर केली नाही.

बुधवार, २७ फेब्रुवारी

दुपार. आरशात आहे मी. बघितलं. आहे. नाकात कापूस, काढला, पुन्हा —

खिडकीत द्रोण. दहीभाताचा गोळा, वर तीळ. मी ठेवलेला नाही. कावळे बसलेत, चोच लावत नाहीत. हाकलले. हलत नाहीत. मला बघून कशाला हलतील.

तिचा मोबाईल बंद. गाताना बंद ठेवावा लागतो.

साखरेचा डबा मांडीवर. चव नाही. मीच म्हणतो आहे. आहे, आहे. आपलं आपण म्हटलेलं लागत नाही.

साडेसात झाले. भिंतीतून तिचा आवाज. केसांत कापूस घेऊन — सगळ्या इमारतीतून येतोय, प्रत्येक घरातून, वरून खालून.

थांबलं. टीव्हीत कोणीतरी म्हणालं, शिवला.

खिडकीत —

द्रोण रिकामा.

फोन वाजतोय.

उचलला. तीच. बाबा, गाणं झालं. एकदाच गायले, एकदाच घेतलं. नाव लिहून घेतलं माझं, पूर्ण नाव, तुमच्या नावासकट. मी म्हटलं, माय, शाबास. म्हटलं, आता ‘आहेत’ म्हण, लवकर.

हॅलो म्हणते आहे. बाबा? बाबा, बोला ना. मी बोलतो आहे. ओरडतो आहे. तिला ऐकू — सुहासिनीकाकूंना बोलवा म्हणते. बाबा, आहात ना? विचारते आहे, म्हणत नाही. नुसतं म्हण गं. विचारू नको, म्हण —

गप्प झाली.

फोन कानाशी धरून लिहितो आहे. आता श्वास घेतला तिनं. तो श्वास मला माहीत आहे. काचेमागं ऐकला होता, पाठ होती माझ्याकडं. टीव्ही बंद आहेत सगळ्यांचे. नको माय, सूर नको लावू, मी इथं

केसांत कापूस घेऊन घरी येणाऱ्या माझ्या